चित्रपट पाहून चित्रपट करावासा वाटतो. या ओढीवर किती विश्वास ठेवावा?

पळसफूल यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहते आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते आहे. चित्रपट पाहून आपणही चित्रपट करावा असे वाटू लागले, तर त्या ओढीवर कितपत विश्वास ठेवावा, हे मला येथील जाणत्या मंडळींना विचारायचे आहे.

आमच्या घरी सिनेमाचे वातावरण नाही. सणासुदीला सगळ्यांनी मिळून एखादा चित्रपट पाहायचा, परतताना त्यावर चार शब्द बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे, इतकाच आमचा त्याच्याशी संबंध. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मैत्रिणीकडे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहिला आणि त्यातला एक प्रसंग मनातून जाईना. डुक्कर पकडण्याची धावपळ ऐन भरात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते. पहिल्यांदा पाहताना मला नुसते गलबलून आले. पुन्हा पाहताना लक्षात आले की तो प्रसंग घडवून आणणारी गोष्ट आपल्या कानांवर पडते आणि डोळ्यांना दिसतात ती फक्त थांबलेली माणसे. त्यावर कोणी भाष्य करत नाही, तरीही सांगायचे ते सारे सांगून झालेले असते. हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवले आहे, असे उमगल्यावर जो आनंद झाला तो पहिल्या गलबलण्याहून वेगळा होता.

तेव्हापासून चित्रपट पाहताना मी वही घेऊन बसते. सीताबर्डीच्या बाजारात उभी असले तरी, हे कोठून दाखवले म्हणजे गर्दीतली ती एकटी बाई नेमकी दिसेल, असे विचार मनात येत राहतात. माझ्या मोठ्या भावाचे म्हणणे असे की चांगले जेवणारा प्रत्येक जण स्वयंपाकी होत नाही आणि चांगला चित्रपट पाहून आलेल्या प्रत्येकालाच दोन दिवस असे वाटते. तो हे तुच्छतेने म्हणत नाही, काळजीने म्हणतो, म्हणूनच मला त्याचे उत्तर द्यायचे आहे. प्रेक्षक म्हणून आलेली भारावलेली अवस्था आणि काम करण्याची खरी ओढ यांतला फरक कसा ओळखावा? नुसते पाहून या कलेतले काही शिकता येते का? आणि पदवी हातात येण्याआधीच्या या काळात मी नेमके काय करावे?


जुना प्रेक्षक यांचे उत्तर

पळसफूल, तुमच्या बंधूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही, कारण आपल्याकडे कथापट काढण्याची परंपरा रुजली तीच मुळी एका प्रेक्षकाच्या ओढीतून. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत, गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनात राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र ती सांगणारे बहुतेक जण येथेच थांबतात आणि त्यानंतरच्या खटपटीचा काळ गाळून एकदम ‘राजा हरिश्चंद्र’वर येतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या गाळलेल्या भागात दिसते.

तो मूकपट त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना सोबत नेऊन पुन्हा पाहिला. नंतर मुंबईत लागतील ते चित्रपट पाहण्याचा त्यांनी असा सपाटा लावला की त्या अखंड पाहण्याने आणि जागरणांनी त्यांची दृष्टी बिघडली आणि डोळ्यांवर उपचार करून घ्यावे लागले. विम्याच्या पॉलिसींवर पैसे उभे करून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते त्यांनी पाहून घेतले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी केली. परत आल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्राला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप वर येताना दिवसेंदिवस थोडी थोडी फिल्म खर्च करून टिपले. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर पाहता पाहता होताना दिसे. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवली, आणि मग ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. त्याच्या कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम रात्री स्वयंपाकघरात अंधार करून चाले आणि त्यात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. आपल्या चित्रपटसृष्टीच्या जन्मकथेत या बाईंना दोन ओळींहून अधिक जागा मिळायला हवी असे मला नेहमी वाटते.

आता मुख्य मुद्दा. ख्रिस्ताचा तो मूकपट गिरगावात असंख्य लोकांनी पाहिला असणार, मग फाळक्यांनाच तो का झोंबला? तेव्हा ते चाळिशीला आलेले होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकलेले होते, छायाचित्रणाचा व्यवसाय करून झाला होता, छपाईची बारीक कामे त्यांना येत होती आणि जादूचे प्रयोगही ते करत असत. पडद्यावरचे चित्र तयार हातांच्या माणसाने पाहिले, म्हणून ‘किती सुंदर’ या उद्गारापाशी न थांबता ‘हे कसे केले असेल’ या प्रश्नापर्यंत ते पोहोचले. तुमच्या पत्रात गलबलून येणे आणि नंतर उमगणे असा जो भेद तुम्ही केला आहे, तो याच जातीचा आहे. दोन दिवसांत ओसरणाऱ्या भारावलेपणात हा दुसरा प्रश्न सहसा पडत नाही.

तुम्ही रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात म्हणून आणखी एक नाव सांगतो. रशियातील व्सेवोलोद पुदोव्हकिन यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे होते. अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथ यांचा ‘इंटॉलरन्स’ पाहिल्यानंतर त्यांनी तो मार्ग सोडून चित्रपटाचा धरला आणि पुढे संकलनाच्या, म्हणजे चित्रित तुकडे जोडण्याच्या कलेच्या, विचारात जगभर ज्यांचे लेखन वाचले जाते अशांपैकी ते एक झाले.

आपल्या महाराष्ट्रात तर ही साखळीच दिसते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. चित्रपटाने झपाटल्यावर त्यांनी आधी प्रक्षेपणयंत्र मिळवून त्याची रचना समजून घेतली आणि मग कॅमेरा स्वतः घडवण्याच्या खटपटीला लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम तडीस नेले आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करायला आलेल्या व्ही. शांताराम यांनी त्याआधी हुबळीच्या एका पत्र्याच्या सिनेमागृहात पडेल ते काम केले होते आणि ते करता करता चित्रपट पाहिले होते. पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम आदींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आणली, आणि त्याच जागेत १९६० मध्ये आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. या साखळीतला प्रत्येक जण आधी प्रेक्षक होता आणि प्रत्येकाने पाहिल्यानंतर काहीतरी हाताने करून पाहिले होते. बंधूंना हे अवश्य सांगा.


कातरकाम यांचे उत्तर

मी नागपुरातच संकलनाचे काम करतो. पोटापाण्यासाठी लग्नसमारंभ आणि संस्थांचे कार्यक्रम, आणि मनासाठी तरुण मुलांचे लघुपट. जुन्या प्रेक्षक काकांनी इतिहास सांगितला आहे. मी ‘नुसते पाहून शिकता येते का’ एवढ्याच प्रश्नाबद्दल लिहितो.

शिकता येते, परंतु चित्रपट पहिल्यांदा पाहताना नव्हे. पहिल्या वेळी कथा आपल्याला ओढून नेते आणि तिने तसे न्यावे हेच योग्य आहे, म्हणून त्या वेळी वही बाजूला ठेवावी असा माझा आग्रह आहे. जो प्रसंग मनातून जात नाही, तो नंतर वेगळा काढावा. त्याचा आवाज पूर्ण बंद करून तो पाहावा आणि प्रत्येक शॉटसाठी लिहावे की कॅमेरा कोठे आहे, चौकटीत कोण आहे आणि चौकट नेमकी कोणत्या क्षणी बदलली. दोन माणसांच्या संभाषणाचा साधा प्रसंग घेतलात तरी तुम्हाला दिसेल की चांगला संकलक बोलणाऱ्याला धरून बसत नाही. वाक्य अर्ध्यावर असतानाच तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, कारण शब्द आपल्याला ऐकू येतच असतात आणि त्यांचा परिणाम मात्र त्या दुसऱ्या चेहऱ्यावरच दिसतो. असे एखादे ठिकाण सापडले की स्वतःला विचारावे, हा कट थोडा आधी झाला असता तर काय गेले असते आणि थोडा नंतर झाला असता तर काय. यानंतर तोच प्रसंग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा. कुकरची शिट्टी, दूरवरची आगगाडी, शेजारच्या घरातली बातम्यांची कुजबुज, हे सारे कोणीतरी निवडून तेथे ठेवलेले असते. तुम्ही ‘फँड्री’त राष्ट्रगीताच्या आवाजाविषयी जे टिपले आहे, ते याच पद्धतीने पाहणाऱ्याला दिसते.

सत्यजित राय यांची एक सवय मला फार मोलाची वाटते. एखाद्या प्रसिद्ध कथेवर चित्रपट येणार असे कळले की ते आधी स्वतः त्या कथेची पटकथा लिहीत आणि मग चित्रपट पाहून आपली पटकथा त्याच्याशी ताडून पाहत. यासाठी पैसा लागत नाही, साधनेही लागत नाहीत. जेथे आपण संवाद लिहिला होता तेथे दिग्दर्शकाने एका नजरेवर काम भागवलेले दिसले, की त्या एका ठिकाणी होणारे शिक्षण कोणत्याही व्याख्यानाने होत नाही. ते चित्रपटगृहाच्या अंधारात बसून कटांची टिपणेही करत असत. १९५० मध्ये नोकरीच्या निमित्ताने काही महिने लंडनला राहिले, तेव्हा त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांतलाच एक इटलीच्या डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’. खऱ्या रस्त्यांवर, अभिनयाचा अनुभव नसलेल्या माणसांना घेऊन मोठा चित्रपट करता येतो, हा विश्वास त्यांना तेथे मिळाला. परतीच्या बोटीवर त्यांनी ‘पथेर पांचाली’ची टिपणे काढायला घेतली, चित्रपट लोकांपुढे यायला १९५५ उजाडले.

पाहण्याच्या जोडीला लगेच काहीतरी चित्रित करा, अगदी फोनवर. शॉन बेकर यांचा २०१५ चा ‘टँजरिन’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आयफोन ५ एस वर झाला आहे, तेव्हा साधन नाही ही सबब आज उरलेली नाही. आरंभाला एक विषय सुचवतो. घरातले एक माणूस कोणाची तरी वाट पाहत आहे. आई पुडाच्या वडीसाठी सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, निवडते आहे असे समजा. संवाद नाही, संगीत नाही, मोजकेच शॉट, आणि पाहणाऱ्याला कळले पाहिजे की ती नुसती सांबार निवडत नसून तिचे लक्ष दाराकडे आहे. हे करायला बसलात की पाहिलेल्या चित्रपटांतले कट आपोआप आठवू लागतील आणि त्यांतले किती खरोखर कळले होते तेही समजेल.


पाऊलवाट यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरीही त्यांत एक बाजू राहून गेली आहे. मी माहितीपट करते, विदर्भातल्या गावांमध्ये माझे बरेचसे काम झाले आहे, आणि चित्रपट पाहून आलेली अनेक तरुण मुले मला भेटतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना चित्रपटातले चित्रपट करायचे असतात. मुंबईची बकाल वस्ती, रात्रीचा पाऊस, निऑनचा प्रकाश, कमी बोलणारा नायक, हे सारे त्यांनी पडद्यावरून उचललेले असते आणि ज्या गल्लीत ते वाढले तिच्याकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलेले नसते. पाहण्याने ओढ लागते आणि भाषा कळते हे मला मान्य आहे. मात्र त्या भाषेत काय सांगायचे, ते चित्रपट देत नाहीत.

राय यांचेच उदाहरण घेऊ. ‘बायसिकल थीव्ज’ पाहण्याच्या कितीतरी आधी त्यांनी विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रे काढली होती. दुर्गा आणि अपू त्यांच्यासोबत आधीपासून होते. इटलीच्या चित्रपटाने त्यांना वाट दाखवली. बिमल रॉय यांनी तोच इटालियन चित्रपट मुंबईत १९५२ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पाहिला आणि पुढच्या वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. एकाच चित्रपटाने प्रेरित झालेली ही दोन माणसे, दोघेही बंगाली, आणि तरीही एकाने खेड्यातले बालपण मांडले तर दुसऱ्याने जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शेतकरी. रोमचे रस्ते दोघांनीही उसने आणले नाहीत.

सुमित्रा भावे यांची वाट तर याहून वेगळी. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. झोपडपट्टीतल्या स्त्रियांचे जगणे शोधनिबंधात मावेना आणि ज्यांच्याविषयी तो लिहायचा त्यांच्यापर्यंत पोहोचेना, म्हणून त्या चित्रपटाकडे वळल्या. ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट १९८५ चा. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. सांगायचे आधी आणि माध्यम नंतर, असाही क्रम असू शकतो, हे पळसफूल यांनी लक्षात ठेवावे असे मला वाटते.

आता नागपूरकडे येते, कारण येथे बसून मुंबईची स्वप्ने पाहणाऱ्या मुलांना मी हेच सांगत असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आपण सगळेच पाहतो. काळी आणि पिवळी मारबत, बडगे, ‘घेऊन जा गे मारबत’ हा गजर, लोटलेली गर्दी, आणि आता प्रत्येकाच्या हातात उंचावलेला फोन. त्या हजारो चित्रणांमध्ये मला फरक सापडत नाही, कारण सगळी गर्दीतून, मिरवणुकीच्या त्याच क्षणी आणि त्याच उंचीवरून केलेली असतात. पिवळी मारबत ज्या जागनाथ बुधवारीतून निघते तेथे काही दिवस आधी जाऊन पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला जात असतो, एक जण कागद चिकटवतो, दुसरा थोडे मागे सरकून डोळ्यांची जागा बरोबर आली की नाही ते निरखतो, आणि लहान मुले भीती व कुतूहल यांच्या मधोमध उभी असतात. जी मूर्ती शहराची इडापिडा घेऊन जाणार आणि शेवटी जाळली जाणार, तिचे डोळे इतक्या निगुतीने का रंगवायचे, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावरच पडतो. माझ्या दृष्टीने तो चित्रपटाचा विषय आहे आणि तो कोणत्याही चित्रपटात पाहून सुचला नसता.

म्हणून ओढ खरी की भारावलेपण, याची माझी कसोटी निराळी आहे. चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर तुम्हाला आणखी चित्रपट पाहावेसे वाटतात, की आपल्या आजूबाजूची माणसे अधिक बारकाईने पाहावीशी वाटतात? पळसफूल, तुम्ही सीताबर्डीतल्या गर्दीत त्या एकट्या बाईकडे पाहता आहात, आणि त्यामुळे मला तुमच्याविषयी भरवसा वाटतो.


कातरकाम यांचे उत्तर

पाऊलवाट ताई, आपला मुद्दा मान्य करूनही एक मतभेद नोंदवतो. ‘चित्रपटातले चित्रपट’ सुरुवातीला करू द्यावेत. माझ्याकडे येणारी मुले पहिल्या लघुपटात हमखास कोणाची तरी नक्कल करतात, आणि ती नक्कल का जमत नाही हे शोधता शोधताच त्यांना स्वतःची गल्ली दिसू लागते. नवशिक्या गायकाने आधी गुरूंची बंदिश तंतोतंत गळ्यावर चढवावी, यात आपण काही गैर मानत नाही. एक प्रसंग जसाच्या तसा चित्रित करून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे. तो लोकांसमोर आपला म्हणून मांडू नये, एवढेच पथ्य.


पुणे नागपूर यांचे उत्तर

शिक्षणाविषयी थोडक्यात. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी यांचे प्रमुख अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत. त्यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट हा दुसरा सरकारी पर्याय. तेव्हा बी.एस्सी. अर्धवट सोडण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाकावा, कारण ही पदवीच तुम्हाला प्रवेशपरीक्षेच्या दारापर्यंत नेणार आहे. पुण्याला चित्रपट रसास्वादाचे छोटे अभ्यासक्रमही होतात. जेथे दिवसभर चित्रपट पाहून त्यावर चर्चा होते अशा वातावरणात थोडे दिवस राहिले तरी आपली ओढ आपल्याला पारखता येते.

घरच्यांसाठी नागपूरचेच उदाहरण द्यायचे तर राजकुमार हिरानी यांचे द्यावे. ते येथे वाढले, वाणिज्य शाखेचे पदवीधर झाले, वडिलांची टंकलेखनाची संस्था होती. पुण्याला त्यांनी संकलन शिकले, नंतर अनेक वर्षे संकलक म्हणून आणि जाहिरातपटांत काम केले, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट २००३ मध्ये आला, म्हणजे वयाच्या चाळिशीत. घरच्यांना धीर देताना हा मधला काळही लपवू नये.


पळसफूल यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काका, सरस्वतीबाईंविषयीचा भाग मी आईला वाचून दाखवला आणि त्यानंतर आमच्या घरी या विषयावर प्रथमच शांतपणे बोलणे झाले. पदवी पूर्ण करायची हे नक्की झाले आहे. ताई, यंदा पोळ्याच्या आधी मी जागनाथ बुधवारीत जाणार आहे.

कातरकाम दादा, तुम्ही सुचवलेला वाट पाहण्याचा विषय मी चित्रित करून पाहिला. शॉट जोडल्यावर दोन अडचणी दिसल्या. आई खिडकीसमोरून हलली की चित्र आपोआप उजळते किंवा काळवंडते. आणि प्रत्येक कटला आवाजात धक्का बसतो. कट डोळ्यांना खटकत नाही, कानांना खटकतो. याचे कारण काय असावे?


कातरकाम यांचे उत्तर

कानांना खटकला हे तुम्हाला जाणवले, याचा मला आनंद झाला.

उजळण्या-काळवंडण्याचे कारण असे की फोन प्रत्येक क्षणी प्रकाश स्वतः जुळवून घेत असतो. खिडकी चौकटीत आली की तो चित्र गडद करतो, आईने ती झाकली की पुन्हा उजळ करतो. चित्रण सुरू करण्यापूर्वी आईच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे बहुतेक फोनमध्ये प्रकाश आणि फोकस दोन्ही तेथेच बांधले जातात. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी खिडकीबाहेरचा प्रकाश इतका प्रखर असतो की आतला चेहरा आणि बाहेरचे अंगण दोन्ही एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर चित्रण करा, अन्यथा खिडकीला पातळ पांढरे कापड लावा.

आवाजाचा धक्का बहुधा कूलरचा आहे. कूलर चालू असलेल्या खोलीत आपल्या कानांना त्याची सवय होते आणि तो ऐकू येईनासा होतो, मात्र फोन तो इमानेइतबारे टिपतो. फोन कूलरच्या जवळ असताना घेतलेला शॉट आणि दूर जाऊन घेतलेला शॉट शेजारी ठेवले की त्या घरघरीची पातळी एकदम बदलते आणि कट उघडा पडतो. त्यामुळे चित्रणाच्या वेळी कूलर आणि पंखा दोन्ही बंद करावेत. उकाडा होईल, पण शॉट छोटे आहेत. त्यानंतर सगळ्यांनी गप्प बसून त्याच खोलीचा निव्वळ आवाज मिनिटभर वेगळा मुद्रित करून घ्यावा. संकलन करताना हा आवाज सर्व शॉटच्या खाली सलग अंथरला की शॉटमधले धक्के झाकले जातात. दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे सहज करता येते. आईचे बोटांनी देठ खुडणे अगदी जवळून वेगळे मुद्रित करा आणि तिचे लक्ष दाराकडे जाते त्या क्षणी तो आवाज थांबवा. नवा जोड तयार झाला की येथेच कळवा.